'द किंग ऑफ किंग्ज' (१९२७) : एका मूकपटाची आणि त्यातील दोषाच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

येशूच्या दुःखसहनाचे छोटे पट १८९७ च्या सुमारासच निघू लागले होते. असाच एक पट मुंबईच्या गिरगावात पाहताना दादासाहेब फाळके या मराठी माणसाच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि त्यातूनच पुढे भारतीय चित्रपट जन्मला. १९२७ साली हॉलिवूडमध्ये निघालेला १५५ मिनिटांचा 'द किंग ऑफ किंग्ज' मात्र या परंपरेतला सर्वांत भव्य मूकपट म्हणावा लागेल.

त्याची सुरुवात पुढे येशूची अनुयायी होणाऱ्या मरीया मग्दालीयेच्या रंगीत मेजवानीने होते. तिच्या रथाला झेब्रे जुंपलेले आहेत आणि येशूला पुढे शत्रूंच्या हवाली करणारा शिष्य यहूदा तिचा प्रियकर आहे, ज्याला शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रांत, कसलाही आधार नाही. या झगमगाटानंतर येशूचे पहिले दर्शन एका आंधळ्या मुलीच्या नजरेतून घडते. पडदा काळा असतो, त्यात प्रकाश हळूहळू पसरतो आणि त्या प्रकाशातून पन्नाशीतल्या एका नटाचा शांत चेहरा स्पष्ट होत जातो. मूकपटाच्या कलेने गाठलेल्या उंचीचा याहून चांगला दाखला क्वचितच सापडेल.

वाद झाला तो येशूच्या मृत्यूचा दोष कोणावर, यावरून. मत्तयाच्या शुभवर्तमानात (२७:२५) जमाव "त्याचे रक्त आम्हांवर व आमच्या मुलाबाळांवर असो" असे म्हणतो आणि या एका ओळीच्या आधारे युरोपात शतकानुशतके यहुद्यांचा छळ झाला. दिग्दर्शकाने जमावाच्या तोंडचा हा दोष यहुद्यांचा प्रमुख याजक कयफा याच्यावर टाकला : रोमन सुभेदार पिलात या मृत्यूची जबाबदारी झटकण्यासाठी हात धुतो तेव्हा कयफा हा मृत्यू माझ्यावर, एकट्या माझ्यावर असो असे बजावतो आणि येशूच्या मृत्यूच्या वेळी मंदिराचा पडदा फाटल्यावर, इस्राएलावर कोपू नकोस, दोषी मी एकटाच आहे, अशी देवाची करुणा भाकतो. शुभवर्तमानांत ही वाक्ये नाहीत. तरीही अमेरिकेतील यहुदी संघटनांचे समाधान झाले नाही, आणि ते रास्तच होते, कारण धर्मपीठावरचा माणूस लोभी व कपटी दाखवला की प्रेक्षक त्याला एकटा न मानता समाजाचा प्रतिनिधीच मानतो. कयफा आणि यहूदा या दोन्ही भूमिका करणारे बापलेक स्वतः यहुदी होते, हेही अनेकांना बोचले. आक्षेपांनंतर चित्रपटात बदल झाले. आज मिळणाऱ्या प्रतींच्या प्रारंभी यहुदी त्या काळी रोमच्या पूर्ण अंकित होते आणि प्रमुख याजकाची नेमणूकसुद्धा रोमन सुभेदारच करीत असे, असा खुलासा वाचायला मिळतो. कॅथलिक धर्मपरिषदेने हा सामूहिक दोष जाहीरपणे नाकारला तो १९६५ साली. अडतीस वर्षे आधी एका व्यावसायिक चित्रपटाने त्या दिशेने, अपुरे का होईना, पाऊल टाकले होते, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे.

१९२८ मध्ये संगीताची जोड देऊन ११२ मिनिटांची आवृत्ती सर्वत्र लागली आणि पुढे अनेक दशके लोकांनी पाहिली ती बहुधा हीच. २००४ साली डीव्हीडीवर दोन्ही आवृत्त्या एकत्र उपलब्ध झाल्या, त्यामुळे पिलातापुढच्या चौकशीचा प्रसंग आता दोन्हींत ताडून पाहता येतो.