नोरिल्स्क : तारणाच्या लिलावाची पार्श्वभूमी

रशियाच्या अतिउत्तरेतल्या नोरिल्स्क या खाणशहराची बातमी येते ती प्रदूषणाची, नाहीतर निकेल-पॅलेडियमच्या भावाची. हे शहर कैद्यांनी उभारलं हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं, त्यामुळे तो भाग इथे थोडक्यात.

जवळच्या दुदिन्का बंदरगावातल्या एका व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच इथलं तांबं वितळवून पाहिलं होतं. १९२१ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांच्या तुकडीने ओंडक्यांचं घर बांधलं. ते आजही जपून ठेवलं आहे. त्या तुकडीचा प्रमुख पुढे कैदी म्हणून याच जागी परत आला. २३ जून १९३५ च्या सरकारी ठरावाने इथे ‘कोम्बिनात’ उभारायचं ठरलं आणि काम गेलं गुप्तपोलिसांच्या खात्याकडे, कारण उणे चाळीसच्या थंडीत आपणहून राबायला कोण येणार? १९४२ मध्ये निकेल बाहेर पडू लागलं आणि युद्धाला त्याची निकड होतीच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या कैद्यांच्या छावणीत सत्तर हजारांच्या आसपास माणसं होती. १९५३ च्या उन्हाळ्यात त्यांनी काम बंद केलं, काही आठवडे तग धरला आणि मग बंदुकीपुढे मोडले. त्याच वर्षी वस्तीला शहराचा दर्जा मिळाला. छावणी १९५६ मध्ये उठली.

कोम्बिनात म्हणजे नुसता कारखाना नव्हे. खाणी, भट्ट्या, वीज, बंदराला जाणारी रेल्वे, पाळणाघरं, भाजीपाला, सगळं त्याच्याच पोटात. कंपनीचं नाव आणि मालकी किती बदलली तरी नोरिल्स्ककर अजून ‘कोम्बिनात’च म्हणतात. तसाच दुसरा शब्द ‘मातेरिक’, म्हणजे मुख्य भूमी. शहर काही बेटावर नाही, पण उरलेल्या रशियाशी त्याला ना रस्ता जोडतो, ना रेल्वे. विमान, नाहीतर येनिसेई नदी. सुट्टीला निघालेला माणूस ‘मातेरिकला’ जातो.

१९६० मध्ये जवळच्या तालनाखला समृद्ध साठे सापडले आणि सगळं गणितच बदललं. बर्फफोड्या जहाजांमुळे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दुदिन्का बंदर जवळजवळ वर्षभर चालू लागलं. कायम गोठलेल्या जमिनीत खांब रोवून त्यांवर नऊ-नऊ मजली इमारती चढल्या. माणसं आता स्वखुशीने येत होती आणि त्यामागे साधा हिशेब होता : मूळ पगारावर ८० टक्के प्रादेशिक भत्ता, काही वर्षांच्या नोकरीनंतर आणखी ८० टक्के उत्तरेचा भत्ता. शंभर रुबलचे दोनशे साठ व्हायचे. दहा-पंधरा वर्षं काढायची, पैसा गाठीला बांधायचा आणि मातेरिकला घर घ्यायचं. नव्वदच्या दशकातल्या महागाईने ती गाठ वितळवली आणि परतायचे बेत केलेले हजारो म्हातारे तिथेच अडकले.

इथून पुढे सगळं कोम्बिनाताच्या शेअरच्या १९९५ मधल्या लिलावाभोवती फिरतं. त्याबद्दल इतकं ढोबळ लिहिलं जातं की जरा थांबून पाहायला हवं.

त्या वर्षी मॉस्कोच्या तिजोरीत खडखडाट होता आणि पुढच्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक. काही बँकांनी सरकारपुढे प्रस्ताव ठेवला : आम्ही कर्ज देतो, तुम्ही सरकारी कंपन्यांचे शेअर तारण ठेवा. ऑगस्टच्या अखेरीस तसा हुकूम निघाला. रशियनमध्ये याचं नाव ‘झालोगोवी औक्त्सिओन’, म्हणजे तारणाचा लिलाव. ‘कोम्बिनात कवडीमोलाने विकलं’ हे वाक्य म्हणूनच कागदोपत्री चूक आहे. विक्री झालीच नव्हती. बोली लागली ती कर्ज किती द्यायचं याची. मुदतीत कर्ज फिटलं नाही, तर तारण विकण्याचा हक्क सावकाराला मिळणार होता.

पण गहाण ठेवणाऱ्याच्या मनात निदान सोडवून घ्यायचा विचार तरी असतो. इथे १९९६ च्या अंदाजपत्रकात परतफेडीची तरतूदच केली गेली नाही. मग याला गहाणखत म्हणायचं की दोन टप्प्यांत उरकलेलं खरेदीखत? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे.

१७ नोव्हेंबर १९९५. तारण कोम्बिनाताच्या ३८ टक्के शेअरचं. हा आकडाही फसवा आहे, कारण उरलेल्यांत बिनमताचे शेअर बरेच असल्याने मताधिकारात हा हिस्सा ५१ टक्के भरत होता, म्हणजे पूर्ण ताबा. किमान रक्कम १७ कोटी डॉलर. बोली स्वीकारायचं काम ज्या बँकेकडे होतं तीच बोली लावणारही होती. तिची बोली आली १७ कोटी १ लाखाची. तिच्याशी संबंधित आणखी दोन बोली नेमक्या १७ कोटींच्या. चौथी बोली बाहेरची होती, ३५ कोटी ५० लाखांची. ती बाद झाली. हमी देणाऱ्या बँकेचं भांडवल एवढ्या रकमेला पुरत नाही, असं कारण दिलं गेलं. नियमाच्या अक्षरात ते बसतही असेल. मात्र तो नियम लावणारा स्वतःच स्पर्धक होता.

समर्थकांची बाजू अशी : कोम्बिनात कर्जात बुडालेलं होतं, पगार महिनोन्महिने थकले होते, आख्ख्या शहराची ऊब आणि शाळा त्याच्याच गळ्यात होत्या. शिवाय निवडणुकीत कम्युनिस्ट आले असते तर सगळं परत सरकारजमा झालं असतं. एवढ्या जोखमीला एवढीच किंमत. यात तथ्य नाही असं नाही, आणि पुढे थकलेले पगार मार्गी लागले हेही खरं. पण जोखीम इतकी भारी होती, तर दुसरा कुणी दुप्पट रक्कम घेऊन दारात का उभा होता, याचं उत्तर या युक्तिवादात सापडत नाही.

१९९७ मध्ये तारण विकलं गेलं आणि त्याच बँकेच्या गटाच्या हाती राहिलं. २००० मध्ये सरकारी वकिलांनी किमतीतल्या फरकापोटी १४ कोटी डॉलरची मागणी केली. मालकी मात्र हलली नाही. कोम्बिनाताचा माजी महासंचालक २००१ मध्ये भोवतालच्या तैमीर प्रदेशाचा आणि २००२ मध्ये क्रास्नोयार्स्क प्रांताचा गव्हर्नर झाला. कोम्बिनात आणि सरकार यांच्यातली रेघ तशीही पुसटच होती.

२००१ मध्येच नोरिल्स्क परदेशी नागरिकांसाठी बंद झालं, तेही शहराच्या स्वतःच्या विनंतीवरून. अण्वस्त्रांच्या शहरांसारखं हे कुंपणातलं शहर नव्हे. रशियन नागरिकाला मज्जाव नाही. रोख मुख्यतः दक्षिणेकडच्या माजी सोव्हिएत देशांतून येणाऱ्या व्यापारी-मजुरांवर होता.

सोव्हिएत काळातली जुनी निकेल भट्टी २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हा शहराच्या मध्यावरचा गंधकाचा धूर कमी झाला. तरीही वर्षाला १८ लाख टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड हवेत जातच होता. तो पकडणारी यंत्रणा दुसऱ्या एका भट्टीवर सुरू व्हायला २०२३ उजाडलं. त्याआधी, २९ मे २०२० रोजी एका औष्णिक केंद्राची टाकी खचून सुमारे २१ हजार टन डिझेल सांडलं आणि बहुतेक नदीत गेलं. कंपनीने बोट दाखवलं विरघळणाऱ्या जमिनीकडे. जमीन विरघळते आहे हे खरंच, पण टाकीची देखभाल हवामानाकडे सोपवलेली नव्हती. दंड झाला १४६ अब्ज रुबलचा आणि तो भरला गेला. पुढच्या वर्षी २०३५ पर्यंतचा शहर-नूतनीकरणाचा १२० अब्जांचा आराखडा ठरला, त्यातले ८१ अब्ज कंपनीचे. खचलेल्या इमारती पाडणं आणि म्हाताऱ्यांना मातेरिकला घरं देणं त्यात आलं. म्हणजे दंडाची रक्कम शहराच्या पंधरा वर्षांच्या डागडुजीहून मोठी निघाली.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने नव्या रशियन निकेल-तांब्याला आपल्या धातूबाजारांची दारं बंद केली. त्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं की नोरिल्स्कची तांब्याची भट्टी बंद करून ते काम चीनमध्ये हलवायचं. तसं झालं तर दुदिन्क्याच्या धक्क्यावरून तांब्याच्या पत्र्यांऐवजी खनिजाचा चुरा जहाजात चढेल. खाणकामगार राहतील, भट्टीवरच्यांना किती काळ काम उरेल, यावरच त्या घोषणेनंतर नोरिल्स्कमधली चर्चा अडली.