लेखनाचा पुरस्कार, पण संहिता कुठे आहे?

२००० साली ब्रिटिश विनोदवीर एडी इझार्ड यांच्या 'ड्रेस टू किल' या एकपात्री कार्यक्रमाला दोन एमी, म्हणजे अमेरिकी टीव्हीचे पुरस्कार, मिळाले. एक सादरीकरणाचा, दुसरा लेखनाचा. गंमत दुसऱ्यात आहे, कारण इझार्ड यांना डिसलेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचणं-लिहिणं जड जातं, आणि त्या कार्यक्रम लिहून काढत नाहीत. (इझार्ड ट्रान्सजेंडर आहेत. २०२०पासून त्या स्वतःसाठी स्त्रीलिंगी सर्वनाम वापरतात.)

डिसलेक्सियाची एक जुनी नोंद पाहण्यासारखी आहे. १८९६ साली ससेक्समधल्या सीफर्डचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १४ वर्षांच्या पर्सीबद्दल लिहिलं. मुलगा चलाख, पण वाचन जमेना. स्वतःचं नाव त्याने 'प्रेसी' असं लिहिलं, आणि एकाहून जास्त वेळा दाखवेपर्यंत चूक त्याला दिसलीच नाही. त्याच्या मास्तरांचं म्हणणं मॉर्गननी नोंदवलंय: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

त्याच किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नमध्ये पुढे इझार्ड शिकल्या. जन्म १९६२चा, आताच्या येमेनमधल्या एडनचा. सहाव्या वर्षी आई गेली, मग निवासी शाळा. शेफील्डला अकाउंटन्सी घेतली, ती अर्धवट सुटली. खरी शाळा लंडनच्या कॉव्हेंट गार्डनचा रस्ता, जिथे त्या येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर खेळ करत. तिथे हातात कागद धरून उभं राहणाऱ्यासाठी कोण थांबणार? पुढचं वाक्य जमलं नाही, तर घोळका पांगतो.

पद्धत तीच राहिली. लहान थिएटरात अर्धंकच्चं बोलायचं, हशा आला ते ठेवायचं, रोज थोडं वळवायचं. 'ड्रेस टू किल'मधलं इंग्लंडचं चर्च धर्मद्रोह्यांना विचारतं, 'केक की मरण?' सगळे केक मागतात, केक संपतो, आणि पुढच्याला प्रश्न पडतो की आता आपल्याला 'की मरण' एवढंच उरलं का. हे वाचताना अर्धं मरतं. सगळी मजा त्या घुटमळण्यात. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिशमध्येही त्यांनी कार्यक्रम केले.

इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचा आणि इझार्ड यांचा जन्मदिवस एकच, ७ फेब्रुवारी, मध्ये १५० वर्षांचं अंतर. डिकन्सची कादंबरी 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' इझार्ड यांनी आधी ऑडिओबुकसाठी वाचली, मग २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये एकटीने रंगमंचावर आणली. रूपांतर मात्र भावाने, मार्कने लिहून दिलं.

रंगमंचावर एखादा विनोद पडला, की त्या तळहातावर काल्पनिक पेनने काहीतरी खरडतात, पुन्हा हे करायचं नाही असं पुटपुटत. लोक त्यालाच जास्त हसतात.