मशीन का थांबलं? जॉबवर्क करणाऱ्या कारखानदारांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

पाच ते चाळीस मशीन असलेल्या, दुसऱ्यांचे पार्ट करून देणाऱ्या कारखान्यांसाठी हे पत्रक आहे. भोसरी, चाकण, तळेगाव भागात आम्ही सीएनसी आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणाऱ्या) मशीनवर मोजणीची साधनं बसवतो. त्यातून येणारे आकडे मालक आणि सुपरवायझर यांना रोजचे निर्णय घेताना हाताशी राहतील असे मांडून देतो. नवीन गिऱ्हाइकांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

ऑफिस कॉम्प्युटरवर, शॉप (मशीन चालतात तो भाग) वहीवर

टॅली बहुतेकांकडे आहे. पाच कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागू झालं आणि बिलिंग पूर्णपणे कॉम्प्युटरवर गेलं. बिल मिनिटभरात निघतं. पण त्या बिलातला माल कोणत्या मशीनवर झाला, किती वेळ खाल्ला, किती पीस भंगारात गेले असं विचारलं की कोणीतरी वही शोधायला जातो.

एका गाळ्यात आम्ही महिनाभराची डाउनटाइमची वही चाळली होती. निळ्या पेनातलं सुबक अक्षर. प्रत्येक थांबा अर्ध्या तासाचा किंवा एक तासाचा. सतरा मिनिटांचा एकही नाही. कारणाच्या रकान्यात ‘मशीन बंद’ आणि त्याखाली पानभर ‘सदर’, ‘सदर’. पाळी संपल्यावर, हात धुऊन झाल्यावर, आठवून लिहिलेली वही अशीच दिसते. ऑडिटच्या आदल्या रात्री लिहिलेलीही अशीच दिसते. (तुमच्याकडे अशी वही नसेल तर अभिनंदन.)

कोणाच्याच वहीत नसलेली ४५ मिनिटं

एक साधा हिशोब करून बघा. पाळी ४८० मिनिटांची. जेवण-चहाची ३० वजा केली की उरली ४५०. एका पीसला लोडिंग धरून ३ मिनिटं, म्हणजे १५० पीस निघायला हवेत. निघाले ११०. वहीत थांबे आहेत ७५ मिनिटांचे, त्यात २५ पीस गेले. मग उरलेले १५ कुठे गेले? ते ४५ मिनिटांचे पीस आहेत आणि ती ४५ मिनिटं कोणीच लिहिलेली नाहीत. चिप (कापलेल्या धातूचा कीस) अडकली, दार उघडून हुकने काढली, दीड मिनिट. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) फिरवला, तीन मिनिटं. गेज (माप तपासायचं साधन) शेजारच्या मशीनवर होता, तो आणायला गेला, दोन मिनिटं. एवढ्याशा गोष्टी कोण लिहील? आणि लिहीत बसला तर आणखी एक मिनिट जाईल. त्या ११० मध्ये ४ रिजेक्ट झाले, हातात चांगले पीस आले १०६.

हा हिशोब एका आकड्यात मांडला की त्याला ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस) म्हणतात. मशीन किती वेळ चालू होतं (८३ टक्के), चालू असताना किती वेगाने चाललं (८८ टक्के) आणि निघालेल्यात चांगलं किती (९६ टक्के), या तिघांचा गुणाकार. इथे तो ७१ टक्क्यांच्या आसपास येतो. ही मांडणी जपानच्या सेइची नाकाजिमांची, टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) या पद्धतीबरोबर जगभर गेलेली. ८५ टक्के म्हणजे उत्तम, हा आकडाही त्यांचाच म्हणून सांगितला जातो आणि बऱ्याच कारखान्यांत तो भिंतीवर लावलेला असतो. आमचं मत विचाराल तर दिवसाला तीन-तीन सेटिंग बदलणाऱ्या जॉबवर्कवाल्याने त्या ८५ च्या मागे धावू नये. आम्ही तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवतो. गुणाकारात दुखणं कुठे आहे ते झाकलं जातं.

आता हेच रुपयात. मशीनचा तासाचा दर समजा ४०० रुपये. आठ तासांचे ३,२००. कोटेशन देताना १५० पीस धरले तर पीसला २१ रुपये ३३ पैसे पडतात. हातात येतात १०६, म्हणजे खरा खर्च ३० रुपये १९ पैसे. २०,००० पिसांची ऑर्डर असेल तर फरक पावणेदोन लाखांच्या वर जातो. ऑर्डर भरपूर आहेत पण हातात काही राहत नाही, असं म्हणणाऱ्या किती जणांकडे हेच चाललेलं असतं.

मशीनला जोडता कसं?

मशीन उघडत नाही, प्रोग्रॅमला हात लावत नाही. नवीन फॅनक किंवा सीमेन्स कंट्रोलरला नेटवर्कचं पोर्ट असेल तर सायकल कधी सुरू झाली, कधी संपली ते तिथूनच वाचता येतं. पंधरा-वीस वर्षं जुन्या मशीनला टॉवर लॅम्पचा (मशीनवरच्या रंगीत दिव्यांचा) सिग्नल घेतो. तोही नसेल तर स्पिंडल मोटरच्या एका फेजच्या वायरभोवती चिमट्यासारखा सीटी (करंट मोजणारं साधन) अडकवतो. करंट वाढला की कटिंग चालू, पडला की बंद. त्यावरून पीस नेमके मोजता येत नाहीत हे आधीच सांगतो. पण मशीन चालू होतं की उभं होतं एवढं पक्कं कळतं आणि सुरुवातीला तेवढं पुरतं.

मशीन थांबलं हे मशीन सांगतं. का थांबलं ते माणूसच सांगणार. त्यासाठी मशीनजवळ एक टॅब्लेट, त्यावर ग्लोव्ह घालून दाबता येतील अशी मोठी बटणं: टूल, माल नाही, क्यूसी (माप तपासणी), सेटिंग, मेंटेनन्स, लाइट गेली, ऑपरेटर नाही, इतर. मराठीत आणि हिंदीतही, कारण पाळीवरचे बरेच लोक बाहेरच्या राज्यांतून आलेले असतात. दर दहा नोंदींत ‘इतर’ एकापेक्षा जास्त वेळा आलं तर दोष आमच्या बटणांचा. मग ऑपरेटरबरोबर बसून ती बदलतो. एका ठिकाणी असंच बसल्यावर कळलं की ‘इतर’ म्हणजे ट्रॉली. भरलेली ट्रॉली न्यायला माणूस नसायचा आणि नवीन पीस ठेवायला जागा उरायची नाही.

निर्णयाला मदत म्हणजे काय?

मोठा स्क्रीन लावून त्यावर रंगीत काटे फिरवणं आम्हाला जमतं. गिऱ्हाइकाचे पाहुणे आले की तो छान दिसतो. आम्ही मात्र सकाळी सव्वाआठला एक पान देतो, व्हॉट्सॲपवर किंवा कागदावर. कालचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला. आजच्या कोणत्या जॉबची तारीख चुकायची शक्यता आहे. कोणत्या मशीनवर पुढे कोणता जॉब लावावा आणि का. तो ‘का’ आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा. ‘३ नंबरवर फ्लँज लावा, फिक्स्चर तेच आहे, ४० मिनिटांचं सेटिंग वाचेल, आणि शुक्रवारची डिलिव्हरी बसते’ असं कारणासकट लिहिलेलं असतं.

सुपरवायझरला पटलं नाही तर तो ‘नाही’ म्हणतो आणि कारण टाकतो. एकदा पान म्हणत होतं हाउसिंगचा जॉब आधी घ्या. सुपरवायझर म्हणाले, त्या लॉटच्या कास्टिंगमध्ये ब्लो होल निघतायत, फाउंड्रीचा माणूस दुपारी बघायला येतोय, त्याआधी हात लावायचा नाही. कॉम्प्युटरला हे कुठून कळणार? तेव्हापासून लॉट ‘थांबवलेला’ असल्याची खूण करायची सोय पानात आली. हुकूम सोडणारं सॉफ्टवेअर शॉपवर महिनाभरही टिकत नाही, असा आमचा अनुभव आहे.

निर्णय कधीकधी मोठाही असतो. एक मालक नवीन व्हीएमसीच्या कर्जाचे कागद घेऊनच बसले होते. जुनं मशीन पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. तीन आठवडे मोजल्यावर दिसलं, की मशीन सर्वात जास्त उभं राहतं ते पहिला पीस पास होण्याची वाट बघत. क्यूसीचा माणूस एक, हाइट गेज एक, आणि तीन मशीनचं सेटिंग सकाळी एकाच वेळी संपायचं. सेटिंगच्या वेळा मागेपुढे केल्या, दुसरा हाइट गेज घेतला. कर्जाचे कागद अजून कपाटात आहेत.

ऑफसेट कधी द्यायचा?

हा विषय थोडा लांबेल, पण रिजेक्शन इथेच होतं. २५.०० मिमी व्यासाला ०.०२ अधिक-उणे टॉलरन्स (चालू शकणारा फरक) आहे. पीस २५.००८ आला की ऑपरेटर ऑफसेट देतो, म्हणजे टूलची जागा किंचित सरकवतो. पुढचा २४.९९४ येतो, तो उलटा ऑफसेट देतो. त्याला वाटतं आपण काळजी घेतोय. वास्तविक मशीनचा स्वतःचा चढउतार असतोच आणि त्याच्यामागे धावलं की तो वाढतो. यावर उपाय नवा नाही. अमेरिकेच्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट मांडला, त्याला शंभर वर्षं झाली. ड्रॉइंगवरची मर्यादा गिऱ्हाइकाने दिलेली असते. चार्टवरच्या रेषा तुमच्याच मशीनच्या मापांवरून काढलेल्या असतात. दर तासाला पाच पीस मोजायचे, त्यांची सरासरी टाकायची. बिंदू रेषांच्या आत इकडेतिकडे असेल तर हात लावायचा नाही. एकाच बाजूला सरकत चालला तर इन्सर्ट झिजतोय, तेव्हा ऑफसेट द्या. आमचं टॅब्लेट डिजिटल व्हर्नियर किंवा मायक्रोमीटरवरून माप थेट घेतं आणि ‘थांबा’ (म्हणजे ऑफसेटला हात लावू नका) किंवा ‘ऑफसेट द्या’ एवढंच दाखवतं. आकडेमोड मागे चालते.

कामगारांना काय सांगायचं?

टॅब्लेट लागलं की पहिला प्रश्न येतो, ‘दादा, हे आमच्यावर नजर ठेवायला का?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून आमची एक अट आहे. पहिले तीन महिने या आकड्यांवरून कोणाचाही पगार, बोनस किंवा ओव्हरटाइम कापायचा नाही आणि हे मालकांनी स्वतः शॉपवर उभं राहून सांगायचं. स्क्रीनवर मशीनचा नंबर येतो, माणसाचं नाव येत नाही. एकाला जरी बोलणी बसली तरी दुसऱ्या दिवसापासून सगळे ‘लाइट गेली’ दाबतात.

थोडक्यात बाकीचं

डेटा तुमच्याच कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर राहतो. आमचं काम बंद केलंत तरी तो एक्सेलमध्ये तुमच्याकडे राहील. तुमच्या गिऱ्हाइकांची ड्रॉइंग आम्ही घेत नाही. टॅली बदलायला सांगत नाही. सगळ्या मशीनवर एकदम बसवायचा आग्रह कोणी धरला तर आम्हीच नको म्हणतो. एक ते तीन मशीन, सहा आठवडे, त्यानंतर ठरवा. आमचे दर कारखान्याची पाहणी झाल्यावर लेखी देतो.

पाहणीला दोन तास लागतात. शक्यतो पाळी बदलायच्या वेळी बोलवा, कारण मशीन सगळ्यात जास्त त्याच वेळी उभी असतात. गुरुवारी एमआयडीसी बंद, त्यामुळे तो वार सोडून. गेल्या महिन्याची डाउनटाइमची वही काढून ठेवा. ती नीट करून ठेवू नका, आहे तशीच हवी आहे.