व्यसनमुक्ती केंद्रांचे नियमन (भारत)

दारू, अफूजन्य पदार्थ, गांजा, झोपेच्या गोळ्या यांच्या व्यसनावर उपचार करण्यासाठी माणसाला जिथे दाखल करून ठेवतात, त्या जागांवरची कायदेशीर देखरेख. भारतात केवळ या केंद्रांसाठी केलेला केंद्रीय कायदा नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था घेतल्या. त्यामुळे मनोरुग्णालयाला जे नियम, तेच व्यसनमुक्ती केंद्रालाही लागू झाले. या कायद्याला ७ एप्रिल २०१७ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. केंद्र चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे शेजारपण आवडत नाही. ‘आमच्याकडे वेडे ठेवत नाहीत’ असे ते सांगतात, आणि पेशंटच्या घरच्यांनाही नेमके हेच ऐकायचे असते.

मराठी वाचकाच्या मनातले व्यसनमुक्ती केंद्राचे चित्र बहुतेक वेळा पुण्याच्या मुक्तांगणचे असते. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळावर १९८६ मध्ये ते सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. कायद्याने २०१७ मध्ये जे शेजारपण लादले, ते तिथे पहिल्या दिवसापासून होते.

दाखल कोण करते

बोलीभाषेत माणूस केंद्रात जात नाही, त्याला केंद्रात ‘टाकतात’. नियमनाची सगळी अडचण या क्रियापदात आहे. घरात भांडी आपटून झालेली असतात, मुले शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवलेली असतात. कोणीतरी नातेवाईक एक नंबर देतो आणि रात्री केंद्राची गाडी येते. उतरलेले दोघे-तिघे धट्टेकट्टे असतात, बहुधा स्वतःही कधीकाळी अशाच गाडीतून आलेले. ते माणसाला काखेत धरून आत बसवतात. फॉर्मवर बायकोची नाहीतर भावाची सही होते, पहिल्या महिन्याचे पैसे भरले जातात. ज्याला आणले तो शुद्धीवर येतो तेव्हा दाराला बाहेरून कडी असते.

२०१७ च्या कायद्याला असा प्रवेश माहीतच नाही. सज्ञान माणसासाठी त्यात मुख्य दोन वाटा आहेत. पहिली कलम ८६ची, तिथे सही पेशंटची स्वतःची. तो मागेल तेव्हा त्याला सोडावे लागते. प्रकृती तपासण्यासाठी फार तर २४ तास थांबवता येते. दुसरी वाट कलम ८९ची, ज्याला आधाराची फार गरज आहे आणि जो स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याच्या बेतात आहे, किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकल्याने धोक्यात आहे, अशा माणसासाठी. इथे अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधी करतो, म्हणजे पेशंटने स्वतः नेमलेला, नाहीतर कायद्याने ठरणारा माणूस. पण त्याच्या सहीने भागत नाही. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत पेशंटला वेगवेगळे तपासलेले असावे लागते. मुदत ३० दिवसांची. केंद्राने सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचे. पेशंट स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. त्यापुढे ठेवायचे तर मंडळाची मंजुरी हवी, आणि ती ९०, मग १२०, मग १८० दिवसांच्या टप्प्यांनी मिळते.

म्हणजे जाहिरातीतला ‘सहा महिन्यांचा कोर्स’ पेशंटच्या मर्जीविरुद्ध पुरा करून घ्यायचा, तर त्याच्या मागे मंडळाचे कागद असायला हवेत. ते क्वचितच विचारले जातात, कारण ते विचारायचे असतात हे घरच्यांना ठाऊक नसते.

मंडळ न्यायालयासारखे असले तरी नुसते न्यायालय नव्हे. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेचा न्यायिक अधिकारी. सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोन सदस्य असे जे स्वतः या आजारातून गेले आहेत, अशा माणसाची काळजी घेत आहेत किंवा या क्षेत्रातल्या संस्थेत काम करतात. कलम ७२ प्रमाणे मंडळाचा पत्ता आणि संपर्क केंद्राच्या दर्शनी भागात लावायचा असतो. पेशंटला मंडळाकडे करायच्या अर्जाचा नमुना द्यायचा आणि मंडळाला फुकट फोन करू द्यायचा, हेही त्याच कलमात आहे. एखादे केंद्र पाहायला गेल्यावर स्वयंपाकघर आणि संडास पाहतात, ते बरोबरच. पण त्या आधी भिंतीवर हा पत्ता आहे का ते पाहावे. तो नसेल तर बाकीचे पाहण्यात वेळ घालवू नये.

कायद्याची ही बाजू घरच्यांना कोरडी वाटते, आणि त्यात त्यांचे चुकत नाही. सकाळी शुद्धीत असलेला, सगळे समजणारा आणि ‘मी पिणार, तुम्ही काय करायचे ते करा’ म्हणणारा नवरा कुठल्याच कलमात बसत नाही. त्याच्या बायकोला हा कायदा काही देत नाही. गाडीवाल्या केंद्रांचा धंदा याच फटीत चालतो.

पहिले चार दिवस

केंद्रात डॉक्टर आणि नर्स असण्याचा आग्रह कागदोपत्री वाटतो, पण त्यामागे साधे शरीरशास्त्र आहे. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना डेलिरियम ट्रेमेन्स होतो. अंग घामाने भिजते, नाडी धावते, दिवस-रात्रीचा हिशेब सुटतो. माणूस चादरीवरून नसलेले किडे वेचतो, कोपऱ्यात उभ्या नसलेल्या माणसाला शिव्या घालतो. उपचार झाले नाहीत तर यात मृत्यू येऊ शकतो. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपॅमसारखे शांत करणारे औषध, पुरेसे पाणी-क्षार, ग्लुकोजच्या आधी थायमिनचे (बी-१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन, रात्रभर नाडी-रक्तदाबावर नजर, एवढी ही उपचारांची यादी. महाग यात काहीच नाही. फक्त रात्री दोन वाजता ती ओळखणारे कोणी जागे असावे लागते. जिथे असे कोणी नसते तिथे हीच लक्षणे ‘नाटके’ ठरतात आणि माणसाला खाटेला बांधले जाते.

हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांचे उलटे आहे. ते तुटताना नाक गळते, जांभया येतात, हाडे ठणकतात. जीव सहसा जात नाही. धोका सुटल्यानंतरचा. काही आठवड्यांत शरीराची सवय मोडलेली असते आणि बाहेर पडलेल्याने जुनाच डोस घेतला तर श्वास थांबू शकतो. त्यामुळे अशा केंद्रात बाहेर पडण्याची तयारी आणि फॉलोअप हे उपचाराचेच भाग असतात.

खऱ्या आणीबाणीसाठी कलम ९४ आहे. जिवाला धोका असेल, इतरांना गंभीर इजा होण्याची शक्यता असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, मग तो मानसोपचारतज्ज्ञ नसला तरी, जिथे असेल तिथे उपचार सुरू करू शकतो. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घ्यायची. ही सवलत ७२ तासांची, किंवा मानसिक आरोग्य आस्थापनेत (अशा पेशंटना दाखल करून घेणाऱ्या जागेला कायद्याने दिलेले नाव) तपासणी होईपर्यंतची, यांतले जे आधी येईल तोवरची. या काळात विजेचा शॉक देता येत नाही.

साखळीपासून नोंदणीपर्यंत

१९१२ चा भारतीय वेडेपणा कायदा माणसाला कोंडावे कसे एवढेच पाहत होता. त्याच्या जागी आलेला मानसिक आरोग्य अधिनियम, १९८७ प्रत्यक्षात १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. त्यात खासगी मनोरुग्णालयाला परवाना आवश्यक होता आणि दारू व इतर मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्यांसाठी वेगळी रुग्णालये काढण्याची तरतूदही होती. मात्र अनेक केंद्रे स्वतःला रुग्णालय म्हणवतच नव्हती.

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यात, एरवाडी या दर्ग्याच्या गावी, एका खासगी मनोरुग्ण निवासाला आग लागली. आतली माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांना अशा नोंदलेल्या-न नोंदलेल्या सगळ्या जागांची पाहणी करायला सांगितले. २०१७ च्या कायद्यातले कलम ९५ वाचताना एरवाडी आठवल्याशिवाय राहत नाही. माणसाला कोणत्याही प्रकारे, कोणत्याही रूपात साखळीने बांधण्यास तिथे बंदी आहे. आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, होमिओपॅथीच्या जागाही आस्थापनेच्या व्याख्येत घेतल्या गेल्या. नातेवाइकांसोबतचे घर तेवढे वगळले.

आता अशी प्रत्येक जागा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेली हवी. अर्ज केल्यावर दहा दिवसांत तात्पुरती नोंदणी मिळते, ती बारा महिने चालते, आणि मेख इथेच आहे. ही नोंदणी चौकशीशिवाय दिली जाते. स्वागतकक्षात काचेच्या चौकटीत लावलेले प्रमाणपत्र पाहून घरचे निर्धास्त होतात. पण ते तात्पुरते असेल तर त्याचा अर्थ एवढाच की अर्ज आला होता. जागा कोणी पाहिली आहे असे नाही. कायम नोंदणीसाठी किमान मानके पाळल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि तो लोकांच्या हरकतींसाठी ३० दिवस खुला ठेवतात. पुढे दर तीन वर्षांनी या मानकांचे लेखापरीक्षण होते. तक्रार आल्यास किंवा स्वतःहूनही प्राधिकरण तपासणी करू शकते.

महाराष्ट्रात आणखी एक घोळ नेहमी होतो. ‘आमची संस्था रजिस्टर्ड आहे’ म्हणून जे दाखवले जाते ते पुष्कळदा धर्मादाय आयुक्तांकडच्या विश्वस्त संस्थेच्या नोंदणीचे कागद असतात. संस्था आहे, एवढेच त्यातून कळते. तिला पेशंट ठेवता येतात की नाही, ते त्यात नसते.

नोंदणीशिवाय केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये, दुसऱ्यांदा २ लाखांपर्यंत, त्यानंतर दर खेपेला ५ लाखांपर्यंत दंड आहे. माहीत असून अशा ठिकाणी काम करणाऱ्या व्यावसायिकालाही २५ हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वीस खाटांच्या केंद्राच्या महिन्याच्या जमेपुढे पहिला दंड किती जड, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आत काय चालते

कलम २० वाचले की ते लिहिणाऱ्यांनी जुने वॉर्ड पाहिलेले असावेत असे वाटते. डोके सक्तीने भादरायचे नाही. पेशंटला हवे असतील तर स्वतःचे कपडे घालू द्यायचे. काम करण्याची सक्ती नाही, आणि केले तर मोबदला द्यायचा. बायकांना मासिक पाळीच्या काळात लागणाऱ्या वस्तू पुरवायच्या. कलम २६ प्रमाणे भेटायला आलेल्यांना भेटणे, न भेटणे आणि फोन घेणे हा पेशंटचा हक्क आहे. ‘पहिला महिना घरच्यांशी बोलायचे नाही’ हा अनेक केंद्रांचा लाडका नियम या कलमाशी सरळ भांडतो.

एकांत कोठडी पूर्ण बंद आहे. बांधून ठेवणे हे तात्काळ होऊ घातलेली इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या आदेशाने, लागेल तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून किंवा माणसे कमी आहेत म्हणून नाही. प्रत्येक वेळेची नोंद ठेवायची आणि दरमहा मंडळाला पाठवायची.

दोन खाती, एक पेशंट

नोंदणी आरोग्य खात्याकडे असली तरी पैसा बऱ्याचदा सामाजिक न्याय खात्याकडून येतो. स्वयंसेवी संस्थांच्या एकात्मिक पुनर्वसन केंद्रांना केंद्र सरकारचे अनुदान मिळते, त्यासोबत कर्मचाऱ्यांचे वेगळे निकष येतात. सरकारी रुग्णालयांतल्या व्यसनोपचार सुविधांना दिल्लीच्या ‘एम्स’ची मदत असते. तिसरा धागा अमली पदार्थविरोधी कायद्याचा, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएसचा. त्याच्या कलम ६४-अ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वेच्छेने उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही. पण उपचार सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणीच घ्यायला हवेत, आणि ते अर्धवट सोडले तर संरक्षण काढून घेता येते. केंद्राची मान्यता इथे थेट पेशंटच्या तुरुंगवासाशी जोडलेली आहे.

(दारूबाबत महाराष्ट्राची गंमत वेगळी. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे राज्यात पिण्यासाठी कागदावर आजही परवाना लागतो. दारू सोडवणाऱ्याकडे परवाना मागण्याच्या कितीतरी आधी राज्याने तो पिणाऱ्याकडे मागायला सुरुवात केली.)

कक्षेबाहेर

नियमन खाटांना धरून आहे. जिथे माणूस राहत नाही, त्या बाह्यरुग्ण विभागाला, समुपदेशकाच्या खोलीला, संध्याकाळी शाळेच्या वर्गात भरणाऱ्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या) मीटिंगला ही नोंदणी लागत नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते पिणाऱ्यांशी बोलत आणि त्याचा उपयोग होतो असे चाचणीत दिसले, तेही या चौकटीबाहेरचेच काम.

अमेरिकेसारखी वेगळी परवानाधारक ‘क्रायसिस’ केंद्रे भारतात नाहीत. संकटाच्या रात्रीसाठी आहेत ते फोन. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, आणि व्यसनासाठी १४४४६. दोन्ही मोफत. रस्त्यावर भरकटलेला माणूस सापडला तर कलम १०० प्रमाणे त्याला कोठडीत ठेवता येत नाही. पोलिसांनी २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताण होता असे कलम ११५ गृहीत धरते. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली तेव्हा जुन्या दंडसंहितेचे कलम ३०९ गळाले. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा राहिला.