शिशीवरचा लाल त्रिकोण खरंच बघितला का?

धुऱ्यावर उभं राहून कोणी विचारलं, भाऊ फवारणीच्या औषधाच्या शिशीच्या लेबलवरचा लाल त्रिकोण, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची खूण, बघितला का, तर वावरातला माणूस हो बघितला असंच म्हणते, अन् तो खोटं बोलत नसते बरं, त्याला खरंच तसं वाटते. आपली नजर कुठं कुठं जाऊन आली हे आपल्यालाच धड सांगता येत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या वर माणसं गेली, त्यानंतर मास्क लावा, हातमोजे घाला हे सांगून झालं, पण फवारताना माणूस बघते कुठं? खरं विष हातात देऊन तर हे तपासता येत नाही.

इथं व्हीआर कामी येते, म्हणजे डोळ्यावर हेडसेट चढवून आतल्या पडद्यावर बघायचं कॉम्प्युटरचं खोटं जग. हेडसेटच्या आत भिंगाच्या कडेनं बारीक इन्फ्रारेड लाइट असतात, आपल्याला न दिसणारे, अन् सोबत छोटे कॅमेरे. लाइटची चमक डोळ्यावर पडते, कॅमेरा ती चमक अन् बाहुली यांची जागा टिपत राहते, काही हेडसेटमध्ये सेकंदाला 120 वेळा. आधी समोरच्या ठिपक्यांकडे एकेक करून बघायला लावतात, ते कॅलिब्रेशन, म्हणजे मशीनला त्या माणसाच्या नजरेची ओळख करून देणं, तेच चुकलं तर सगळं मुसळ केरात. जाड काजळ, जाड नंबरचा चष्मा, डोळ्यावर आलेली पापणी, यानं मशीन हमखास गोंधळते.

थांबलेली गोष्ट बघताना डोळा सरकत सरकत जात नाही, उड्या मारते. एका जागी साधारण 200-300 मिलिसेकंद थांबला की पुढची उडी, अन् एकदम स्पष्ट दिसते ते फक्त दोनेक अंशात, म्हणजे हात लांब करून अंगठ्याच्या नखाएवढं. बाकी सगळं अंधुक, मेंदू जुळवून घेते.

व्हीआरमधलं वावर कॉम्प्युटरनंच बनवलेलं असते, त्यामुळं नजर पंपाच्या नोझलवर होती, शिशीवर होती की वाऱ्यानं हलणाऱ्या पऱ्हाटीवर, हे त्याला आपोआप कळते. खऱ्या वावरात कोणाला तरी व्हिडिओची एकेक फ्रेम बघत बसावं लागते.

पण नजर पडली म्हणजे समजलं असं धरू नका, इथंच लोक फसतात. 2013 च्या एका अभ्यासात 24 रेडिओलॉजिस्टना, म्हणजे एक्स-रे अन् स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना, फुप्फुसाचे सीटी स्कॅन दाखवले, त्यात मुद्दाम गोरिलाचं चित्र घुसवलं होतं, 20 जणांना ते दिसलंच नाही, अन् त्यातल्या 12 जणांची नजर तर नेमकी त्याच जागेवर पडलेली. ते गाठी शोधत होते ना! लाल त्रिकोणाचंही तसंच होऊ शकते, शिशी उघडायच्या घाईत नजर झाकणावर जाते, त्रिकोण वाटेत लागते अन् सुटते. म्हणून नजरेच्या डेटासोबत नंतर माणसाला विचारावंही लागते, त्रिकोणाचा रंग कोणता होता, लाल म्हणजे काय.

बाहुलीचा आकारही मोजतात, डोक्याला ताण पडला की ती थोडी मोठी होते, पण उजेडानं त्याच्याहून जास्त बदलते, म्हणून आधी उजेडाचा हिशोब वजा करावा लागते.

अन् एक गोष्ट खटकतेच. ज्या डेटावरून लेबल सुधारता येते, त्याच डेटावरून शिशीचा कोणता रंग गिऱ्हाईकाच्या डोळ्यात भरते हेही काढता येते, म्हणून हेडसेट डोक्यावर चढवायच्या आधी हा डेटा कोणाकडं जाणार हे माणसाला त्याच्या भाषेत सांगून, त्याचा होकार घेऊनच पुढं जावं.