ॲल्डिहाइड ऑक्सिडीभवनाचे धातुयुक्त कार्बनी उत्प्रेरक

हवा किंवा ऑक्सिजन वापरून ॲल्डिहाइडांपासून (–CHO गट असलेल्या कार्बनी संयुगांपासून) कार्बॉक्सिलिक अम्ले (–COOH गट असलेली) बनवताना लागणारी कोबाल्ट, मँगॅनीज, तांबे इ. धातूंची कार्बनी लवणे व जटिल संयुगे. ॲसिटेट, नॅप्थेनेट आणि ॲसिटिलॲसिटोनेट ही नेहमीची रूपे. धातू कार्बनी द्रवात विरघळावा हा कार्बनी भागाचा मुख्य उपयोग. तेलरंगात ड्रायर (रंग लवकर वाळवणारा पदार्थ) म्हणून कोबाल्ट नॅप्थेनेट घालतात तेही त्यामुळेच.

खरे तर ॲल्डिहाइड उत्प्रेरकाविनाही ऑक्सिजन घेते. बेंझाल्डिहाइडाच्या जुन्या बाटलीच्या तोंडाशी जमणारे पांढरे स्फटिक बेंझोइक अम्लाचे असतात. विक्रिया मुक्त मूलकांच्या (एकटा, जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील कणांच्या) शृंखलेने चालते. ॲसिल मूलक (ॲल्डिहाइडाच्या –CHO गटातील हायड्रोजन गेल्यावर उरणारा) ऑक्सिजन घेऊन पेरॉक्सी मूलक बनतो. तो दुसऱ्या ॲल्डिहाइड रेणूतील हायड्रोजन काढून घेतो व परअम्ल (एक ऑक्सिजन अणू जास्त असलेले अम्ल) तयार होते. ते आणखी एका ॲल्डिहाइड रेणूशी जोडले जाऊन त्या जोडसंयुगातून अम्लाचे दोन रेणू मिळतात. त्रिसंयुजी कोबाल्ट शृंखला सुरू करतो. मँगॅनीजचे काम त्याहून मोलाचे : ते जोडसंयुग झपाट्याने फोडते, त्यामुळे स्फोटक परअम्ल साठत नाही.

ॲसिटिक अम्लाच्या उत्पादनात ४४ ग्रॅ. ॲसिटाल्डिहाइडास १६ ग्रॅ. ऑक्सिजन लागून ६० ग्रॅ. अम्ल मिळते व सु. २९० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. मँगॅनीज ॲसिटेट विरघळवलेल्या ॲसिटिक अम्लातच ॲल्डिहाइड थोडे थोडे सोडतात आणि स्टेनलेस स्टीलच्या मनोऱ्यात खालून ऑक्सिजनाचे बुडबुडे देतात. तापमान ५०–८०° से. असते. ॲल्डिहाइड सु. २०° से.लाच उकळते, म्हणून ३–१० वातावरण दाब ठेवावा लागतो. त्याची वाफ हवेत सु. ४ ते ६० टक्के या रुंद पट्ट्यात स्फोटक असल्याने द्रवावरील पोकळीत नायट्रोजन सोडतात.

तापमान ५०° से.खाली गेले की परअम्लाचे विघटन मंदावते व ते साठू लागते. अशा वेळी एकदम वाफ देऊन मनोरा तापवणे सर्वांत धोक्याचे. आधी ऑक्सिजनाचा पुरवठा बंद करावा. ॲल्डिहाइडात हायड्रोक्विनोनासारखे फिनॉल उरले असेल, तर ते मूलक टिपते आणि विक्रिया सुरूच होत नाही. तेव्हा उत्प्रेरक वाढवण्यापेक्षा ॲल्डिहाइड ऊर्ध्वपातित करून घेणे बरे. उलट, फार तापवल्यास कार्बन डाय-ऑक्साइड, फॉर्मिक अम्ल व मिथिल ॲसिटेट वाढतात. पिव्हाल्डिहाइडासारख्या शाखायुक्त ॲल्डिहाइडाचा ॲसिल मूलक कार्बन मोनॉक्साइड सहज गमावतो, त्यामुळे तेथे ऑक्सिजन कमी पडू देऊन चालत नाही.

कोबाल्टाबरोबर तांब्याचे ॲसिटेट घातले, तर तांबे ॲसिल मूलकाचे ऑक्सिडीभवन करते व ॲसिटिक ॲनहायड्राइड (ॲसिटिक अम्लाच्या दोन रेणूंतून पाण्याचा एक रेणू वजा झालेले संयुग) मिळते. मात्र विक्रियेत तयार होणारे पाणी लगेच काढले नाही, तर ॲनहायड्राइडाचे पुन्हा अम्ल होते.