शंभर टक्के झालं तरी पेनड्राईव्ह काढू नका

नांदेड काय, लातूर काय, संभाजीनगर काय, कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमधे गॅदरिंगनंतर जा, शूटिंग पेनड्राईव्हवर घ्यायला पोरांची झुंबड असते आणि एक वाक्य हमखास कानावर पडतं, "झालं बघ शंभर टक्के, काढ आता." मशीनवर उबंटू, म्हणजे लिनक्स असेल तर हे वाक्य फार धोक्याचं आहे. घरी जाऊन टीव्हीला लावलं की व्हिडिओ अर्ध्यावर अडकतो आणि मग दोष जातो पेनड्राईव्हच्या कंपनीला नाहीतर व्हायरसला. पण पडद्यावरचे ते टक्के नक्की कशाचे टक्के असतात हे कुणी विचारतच नाही, आणि माझ्या मते कॉम्प्युटर शिकवताना ही गोष्ट पहिल्या महिन्यात सांगायला पाहिजे, कारण यात ऑपरेटिंग सिस्टिमचा अर्धा आत्मा आहे.

आधी थोडं कमांड लाईनबद्दल. माऊसनं फाईल ओढली तर निदान एक हिरवी पट्टी सरकताना दिसते, पण काळ्या खिडकीत सीपी ही कॉपीची कमांड दिली की ती काहीच बोलत नाही. फाईल छोटी असेल तर ठीक, पण चाळीस गिगाबाइटचा बॅकअप घ्यायला बसलात तर अर्धा तास नुसता कर्सर लुकलुकत बसतो आणि शेजारचा विचारतो, कॉपी व्हायली का हँग झालंय? सीपी गप्प बसते याला कारण आहे. १९७० च्या दशकात लिनक्सचा पूर्वज युनिक्स घडत होतं तेव्हापासूनची तिथली रीत अशी की काम नीट झालं तर गप्प राहायचं आणि बिघडलं तरच बोलायचं, कारण एका कमांडचं आउटपुट दुसरीला पाजायचं असतं आणि मधे फालतू बडबड आली तर पुढचीचा घोटाळा होतो. रीत चांगलीच आहे, पण समोर माणूस बसलेला असला की त्याला काहीतरी कळायला हवं. टक्के दाखवणारी पट्टी असली की माणसाला काम करणं बरं वाटतं हे ब्रॅड मायर्स या संशोधकानं १९८५ मधेच पेपर लिहून मांडलं होतं.

म्हणून लोक स्वतःच्या स्क्रिप्टमधे, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाईलमधे, प्रोग्रेस दाखवायला बघतात. पट्टी काढणं तसं सोपं आहे. आस्की कोडमधे १३ नंबरचं एक अक्षर असतं, कॅरेज रिटर्न, ते छापलं की कर्सर खालच्या ओळीत न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीला येतो, मग त्याच जागेवर नवा आकडा छापायचा आणि बघणाऱ्याला वाटतं आकडा पळतोय. हा आकडा नेहमीच्या आउटपुटवर न टाकता एररसाठी जी वेगळी वाट असते तिच्यावर टाकायचा, म्हणजे डेटात मिसळत नाही. स्क्रिप्ट रात्री क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणार असेल तर समोर खरंच टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी आहे का हे आधी तपासायचं, नाहीतर सकाळी लॉग फाईलमधे हजारो टक्के एकाला एक चिकटलेले सापडतात.

टक्के काढायचे तर भागाकार लागतो, आणि भागाकारातला खालचा आकडा म्हणजे एकूण किती हे आधी माहिती पाहिजे. एक फाईल असेल तर तिचा साईज विचारला की झालं. फोल्डर असेल तर आधी सगळं मोजून घ्यावं लागतं आणि यातच गंमत होते. आरसिंक नावाची फोल्डर कॉपी करणारी फार गुणी कमांड आहे, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मधे आणलेली, तिला एकूण प्रगती दाखवायला सांगता येतं, पण ती यादी करता करताच कॉपी सुरू करते, त्यामुळे पुढं अजून फोल्डर सापडले की खालचा आकडा वाढतो आणि साठ टक्क्यांवरून पट्टी पंचेचाळीसवर येते. बघणारा म्हणतो बिघडलं. काही बिघडलेलं नसतं, आधी पूर्ण यादी कर आणि मग कॉपी कर असा ऑप्शन दिला की आकडा मागं येत नाही, फक्त सुरुवातीला थोडं थांबावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. खालचा आकडा बरोबर मिळाला, पण वरचा? किती झालं म्हणायचं?

कॉपी करणारा प्रोग्रॅम काय करतो, तर जुन्या फाईलमधून काही किलोबाइटचा तुकडा वाचतो आणि नव्या फाईलमधे लिही असं कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला सांगतो. कर्नल म्हणतं झालं. प्रोग्रॅम पुढचा तुकडा घेतो. पण कर्नलनं तो तुकडा पेनड्राईव्हवर लिहिलेला नसतो, त्यानं तो रॅममधे ठेवून दिलेला असतो. या जागेला पेज कॅश म्हणतात आणि डिस्कवर जायचं बाकी असलेल्या पानांना डर्टी पेजेस. टँकरचं गणित मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको, तेच इथं लावा. टँकरवाला अंगणातल्या हौदात पाणी सोडतो, दहा मिनिटात टँकर रिकामा, पैसे घेऊन तो मोकळा. पण गच्चीवरची टाकी भरायचं काम अर्ध्या एचपीची मोटार बारक्या पाईपातून करायलीय, तिला तास लागणार. टँकर रिकामा झाला म्हणजे वरची टाकी भरली असं कुणी म्हणेल का? कॉपीची पट्टी मात्र टँकरकडं बघून टक्के सांगते, टाकीकडं बघून नाही.

आणि हौद भरला की काय होतं हेही बघा, टँकरला मोटारीच्या वेगानंच थांबून थांबून सोडावं लागतं. लिनक्समधे अगदी हेच होतं. साधारणपणे वापरता येण्यासारख्या मेमरीच्या १० टक्के पानं डर्टी झाली की कर्नल मागच्या मागं डिस्कवर लिहायला लागतं, आणि २० टक्क्यांच्या मर्यादेकडं आकडा सरकला की ते लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच थोपवतं. हे आकडे बदलता येतात पण मुळात असेच येतात. तेवढी पानं झाली नसली तरी ३० सेकंदांपेक्षा जुनं झालेलं पान लिहायला घेतलं जातं. आता ८ जीबी रॅमचं मशीन धरा, त्यात एक गिगाबाइटच्या आसपास सहज हौदात मावतं. ३ जीबीचं शूटिंग आणि सेकंदाला १० एमबी लिहिणारा स्वस्तातला पेनड्राईव्ह. पट्टी सुरुवातीला पळत सुटते, सेकंदाला दोनशे-तीनशे एमबी असा वेग दिसतो, पोरं खूश होतात, मग तिसऱ्या हिश्श्यावर आल्यावर एकदम दहावर आपटते आणि तशीच रांगत शंभरवर पोचते. पण त्या शंभरच्या क्षणीसुद्धा जवळपास एक गिगाबाइट रॅममधेच असतं, म्हणजे अजून शंभर सेकंदांचं काम बाकी. तेव्हा पेनड्राईव्ह ओढला तर शेवटचा तिसरा हिस्सा त्याच्यावर कधी गेलेलाच नसतो. फाईलचं नाव दिसेल, साईजही कधीकधी बरोबर दिसेल, आत काही नाही.

इजेक्ट केल्यावर थांबा म्हणतं ते याच्यासाठीच. विंडोजवाल्यांनी २०१८ च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राईव्हसाठी हा हौद मुळातच बंद ठेवलाय, म्हणून तिथं हा त्रास कमी, पण लिहिणं चालू असताना ओढलं तर तिथंही नुकसान होतंच.

यावर इलाज काय? पहिला म्हणजे शेवटी सिंक ही कमांड देणं, ती हौद रिकामा होईपर्यंत परत येत नाही. पण ती पण सीपीसारखीच मुकी, मग लोक म्हणतात आता हे कशाला अडकलं. म्हणून मी स्क्रिप्टमधे दुसरा टप्पा वेगळा दाखवावा असं म्हणतो. लिनक्समधे प्रॉक नावाचं एक फोल्डर असतं, त्यात खऱ्या फाईली नसतातच, वाचायला गेलं की कर्नल त्या क्षणाची माहिती तयार करून देतं. तिथल्या मेमइन्फो फाईलमधे डर्टी आणि राइटबॅक अशा दोन ओळी आहेत. सिंक मागं चालू ठेवायची, दर सेकंदाला या दोन ओळींची बेरीज वाचायची आणि छापायचं, लिहायचं बाकी इतके एमबी. आकडा आठशे, सातशे नव्वद असा उतरताना बघणं मला अजूनही भारी वाटतं, मशीनच्या पोटात बघतोय असं वाटतं. हा आकडा सगळ्या मशीनचा मिळून असतो, एकट्या पेनड्राईव्हचा नाही, त्यामुळे अगदी शून्य होईल असं धरू नका, सिंक परत आली की झालं.

दुसरा इलाज म्हणजे टक्केच खरे करणं. पीव्ही नावाचं छोटं टूल आहे, पाईपातून, म्हणजे एका कमांडकडून दुसरीकडं किती गेलं ते दाखवतं, त्याला प्रत्येक वेळी लिहिल्यावर डिस्कपर्यंत पोचव असा ऑप्शन देता येतो. डीडी या कॉपीच्याच दुसऱ्या कमांडला स्टेटस प्रोग्रेस हा ऑप्शन २०१५ मधे मिळाला, सोबत डायरेक्ट सांगितलं तर ती पेज कॅशला वळसा घालूनच लिहिते, फक्त ब्लॉक चांगला मोठा द्यायचा, चार एमबीसारखा, नाहीतर बारीक बारीक तुकड्यांत जीव जातो. स्वतःच पायथॉनमधे लिहीत असाल तर दर सोळा एमबीनंतर एफसिंक करा, म्हणजे ती फाईल डिस्कवर पोचेपर्यंत थांबा, आणि मगच टक्के वाढवा. सुरुवातीचा तो खोटा तीनशेचा वेग जातो, पट्टी पहिल्यापासून रांगते, पण जेवढं दाखवते तेवढं खरं असतं.

आधीच सुरू करून बसलेल्या सीपीचं काय? तिचीही प्रगती बघता येते. प्रॉकमधे प्रत्येक चालू प्रोग्रॅमचं एक फोल्डर, त्यात एफडीइन्फो, त्यात उघडलेल्या प्रत्येक फाईलसाठी एक नोंद, आणि नोंदीत पॉस म्हणून एक आकडा, म्हणजे वाचणारा या फाईलच्या कितव्या बाइटवर आहे. त्याला साईजनं भागलं की टक्के. प्रोग्रेस याच नावाचं एक टूल हेच करतं. पण लक्षात आलं का, हासुद्धा टँकरकडचाच आकडा आहे.

२००७ मधे ख्रिस हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना वेगवेगळ्या चालीच्या पट्ट्या दाखवून बघितल्या, काळ तेवढाच, तरी शेवटी वेग घेणारी पट्टी लोकांना लवकर संपली असं वाटलं आणि शेवटी अडखळणारी नकोशी वाटली. आपली कॅशवाली पट्टी म्हणजे नेमकी नकोशी तीच चाल. काही जण यावरून पट्टीच खोटी रंगवावी म्हणतात, ते मला पटत नाही, बॅकअपच्या स्क्रिप्टमधे तर अजिबात नाही.

आणि ते रिफ्रेश. कॉपी चालू असताना डेस्कटॉपवर राइट क्लिक करून धडाधड रिफ्रेश मारणारे आपल्याकडं घरोघरी आहेत, शिकलेले आहेत, काही तर दुसऱ्यांना शिकवतात. रिफ्रेशनं फक्त पडद्यावरची आयकॉनची यादी पुन्हा वाचली जाते. वेग एक बाइटनं वाढत नाही. कॉपीचा वेग दहापट करतो म्हणणारी सॉफ्टवेअरं त्याच जातीची, पेनड्राईव्हची चिप सेकंदाला दहा एमबी लिहीत असेल तर बाहेरून कुणी काही केलं तरी ती शंभर लिहिणार नाही, फार तर हौद मोठा करून सुरुवातीचा आकडा फुगवता येईल.

शेवटचं, लाईटीचं. आपल्याकडं मे महिन्यात कॉपीच्या मधेच लाईट जाणं काही नवीन नाही, आणि इन्व्हर्टर नसलेल्या डेस्कटॉपवर हौदातलं सगळं त्याच क्षणी जातं. आरसिंक फाईल आधी तात्पुरत्या नावानं लिहिते आणि पूर्ण झाली की खरं नाव देते, म्हणून अर्धवट फाईल सहसा ओळखू येते. पण नाव दिलं गेलं आणि पानं अजून रॅममधे होती असंही होऊ शकतं, आणि पुढच्या वेळी आरसिंक फक्त साईज आणि तारीख बघून ही फाईल जुळते म्हणून सोडून देते. म्हणून लाईट गेल्यानंतरची पहिली फेरी चेकसमच्या ऑप्शनसह चालवा. तो दोन्हीकडच्या फाईली पूर्ण वाचून ताडून बघतो, वेळ खूप घेतो, पण डिस्कवर आत्ता काय आहे ते त्यातूनच कळतं, कारण मशीन नुकतंच चालू झालेलं असल्यामुळे कॅश रिकामी असते आणि वाचलेला प्रत्येक बाइट डिस्कवरूनच आलेला असतो.